पेवाचं तोंड

१

सांगलीहून कृष्णेच्या कडेकडेनं हरिपूरला निघालं, की पावलांचा आवाज जिथं पोकळ यायला लागतो तिथून पेवं सुरू झाली असं समजावं. वर बघाल तर नुसती मोकळी जमीन, चार बाभळी आणि चरणारी एखादी शेळी. खाली मात्र हळदीनं भरलेल्या खोल्याच खोल्या. पेवाचं तोंड एवढं अरुंद, की माणूस खांदे आवळूनच आत उतरणार. आणि पोट एवढं मोठं, की बैलांसकट गाडी मावावी. आत उसाचा पाला लावायचा, हळद ओतायची, पायांनी दाबत दाबत वर आणायची आणि शेवटी तोंडावर शिळा ठेवून चिखलानं लिंपून टाकायचं. मग दोन वर्षं गेली तरी हळदीला कीड शिवत नाही, कारण आत वारा नाही. कीड जिथं जगत नाही तिथं माणूसही जगत नाही, हे हरिपुरातलं शेंबडं पोरसुद्धा जाणून असतं. बंद पेव उघडलं की आधी दिवसभर तोंड वासून ठेवायचं, मग दोरीनं कंदील आत सोडायचा, आणि कंदील जळत राहिला तरच माणसानं उतरायचं.

बंद करतानाची रीत निराळी. शिळा सरकवण्याआधी बंद करणारानं तोंडाशी ओणवं व्हायचं आणि आत तीन हाका द्यायच्या, "हाय का कोण?" त्या वेळी वर कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, गाडीवाल्यानं बैलांच्या घुंगरांवर हात ठेवायचा. ऐकायचं ते एकट्यानंच. त्यानं उठून "न्हाई" म्हटलं की न्हाई. त्याच्या शब्दावर दुसऱ्यानं शब्द काढायचा नाही. दहा जणांचे कान विचारत बसलं तर पेव कधी बंदच व्हायचं नाही, असं जुनी माणसं म्हणत, आणि ते खरंही होतं.

लढाईच्या त्या दिवसांत, चव्वेचाळीस सालाच्या आसपास, हे काम कृष्णातकडं होतं. त्याच्या आधी ते त्याच्या बापाकडं होतं. कृष्णात पस्तिशीचा, अंगानं दांडगा आणि मोठा थट्टेखोर गडी. तिसरी हाक झाली की तो मुद्दाम थांबायचा, भुवया वर चढवायचा, कान आणखी आत घालायचा, आणि नव्या गड्यांचा जीव पुरता टांगणीला लागला की हळूच "न्हाई" म्हणायचा. शिळेचं दुसरं टोक धरणारा त्याचा जोडीदार गुंडा दर वेळी शिवी हासडायचा. मग दोघं हसत हसत शिळा बसवायचे.

२

मार्च संपत आला होता. पेवांचे मालक आप्पासो, त्यांचं बाभळीजवळचं पेव त्या दिवशी बंद झालं. गळ्यापर्यंत भरलेलं, ठासून दाबलेलं. चिखल लिंपून झाला, माणसांनी हातपाय धुतले, भाकऱ्या खाल्ल्या आणि आपापल्या वाटेला लागली. कृष्णात पहार खांद्यावर टाकून निघाला, तर बाभळीखाली पायताणांची एक जोडी पडलेली.

हळद दाबायची म्हणजे पायताण बाहेर काढूनच पेवात उतरायचं. सगळ्यांची पायताणं त्या बाभळीखालीच असायची.

"गुंडा, ही कुणाची रं?"

"आसतील कुणाची. राहिली आसतील."

"सगळ्यांच्या पायात हायती की. म्या बघितलं."

"मग तुला दोन जोड झालं. घाल आन चल," गुंडा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भांड्यांना कल्हई करणारा एक म्हातारा आला. सावलीला टेकलो होतो, विसरून गेलो म्हणाला, आणि पायताणं पायात सरकवून चालता झाला. विषय तिथं संपायला हवा होता. दुसऱ्या कुणाचा संपलाही असता. कृष्णात स्वतःशी हसला, घराकडं वळला, आणि मारुतीच्या देवळापाशी त्याच्या मनात आलं: भर उन्हात म्हातारा गावापर्यंत अनवाणी गेला, आणि पायात काही नाही हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं?

तो तिथंच थांबला. मग परत फिरला आणि पेवापाशी जाऊन शिळेवर कान ठेवला. शिळा तापलेली होती. कानाला चटका बसला तरी त्यानं कान उचलला नाही.

३

पेव गळ्यापर्यंत भरलेलं आहे. माणूस मावायचा कुठं? हे कृष्णातला कळत नव्हतं असं नाही. त्यानं स्वतः शेवटचं पोतं ओतलं होतं, स्वतः हाका दिल्या होत्या. पण त्याचं डोकं त्याच्याशी वकिलासारखं भांडायला लागलं. वर हळद आहे, कबूल. खाली काय आहे ते तू पाहिलंस का? पायांनी दाबणारे सात जण उतरले होते. सातच वर आले? मोजले होते. पण मोजलं तेव्हा तू थट्टा करत होतास. हाक दिलीस तेव्हाही थट्टाच चालली होती. नीट ऐकलंस का?

या शेवटच्या प्रश्नाशी तो अडकला, आणि अडकला तो सुटलाच नाही.

तो गुंडाला विचारायचा. गुंडा सांगायचा, "न्हवतं रं बाबा कोण." मग छातीवरची शिळा उचलल्यासारखं वाटायचं. ते सुख गल्लीच्या तोंडापर्यंत टिकायचं. तिथं पोचला की वकील पुन्हा उभा. गुंडा 'न्हवतं' म्हणाला खरं, पण म्हणताना त्यानं दुसरीकडं का बघितलं? कृष्णात परत फिरायचा. पहिल्यांदा गुंडा हसला, मग वैतागला, मग गुंडाची बायको त्याला येताना पाहून दार लोटून घ्यायला लागली.

हळूहळू ते घरात शिरलं. झाकण असलेली कुठलीही वस्तू त्याला झाकलेली बघवेना. ज्वारीची कणगी, कपड्यांची पत्र्याची पेटी, पाण्याचा रांजण, अगदी पिठाचा डबासुद्धा. झाकण उघडायचं, आत बघायचं, आत हात घालून चाचपायचं, झाकायचं. झाकताक्षणी वाटायचं, आत्ता झाकताना आत काहीतरी होतं. पुन्हा उघडायचं. दुपारच्या शांततेत त्याच्या घरातनं झाकणांचे आवाज येत राहायचे, आणि शेजारणी राहीबाईला विचारायच्या, "घरात कासारानं दुकान मांडलंय व्हय गं?"

राही त्याची बायको. तासगावकडची, बोलायला फटकळ, पण नवऱ्यावर जीव टाकणारी. तो विचारायचा, "राहे, आत कोण न्हाई न्हवं?" ती म्हणायची, "कोण न्हाई." तो म्हणायचा, "बघून सांग." ती बघून सांगायची. मग त्याला तिचा आवाज पटायचा नाही. पुन्हा, जरा मोठ्यानं सांगायला लागायचं. सकाळी सुरू झालेलं हे चुलीतला विस्तव झाकेपर्यंत चालायचं. तिला वाटायचं, आपल्या एका शब्दानं माणसाचा जीव थंड होतोय तर द्यावा की. तो शब्द देता देता ती त्याच्याइतकीच त्या घरात कोंडली गेली, हे तिला फार उशिरा कळलं.

४

एका दुपारी माणसं जेवून आडवी झालेली असताना कृष्णातनं पहारीनं चिखल फोडला आणि एकट्यानं ती शिळा बाजूला ढकलली. दोन माणसांची शिळा एकट्यानं कशी ढकलली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

लहानपणापासून ज्यानं कंदील सोडून पेवं पारखली, त्या माणसानं कंदील सोडला नाही. वाट पाहिली नाही. पोटावर पडून डोकं आणि खांदे पेवाच्या गळ्यात कोंबले आणि दोन्ही हातांनी हळद उपसायला लागला. कोपरापर्यंत हात आत गेले. आत हळद गार असायला हवी. ती ऊबदार लागली, पांघरुणातून कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. त्यानं आणखी खोल हात घातला, आणि त्याला वाटलं की खालून कुणीतरी हळद वर लोटतंय. त्यानंतरचं त्याला आठवत नाही.

गुंडाला जाग आली आणि पेवाच्या तोंडातून बाहेर आलेले दोन पाय तेवढे त्याला दिसले. त्यानं ओरडत ओरडत ते पाय धरून ओढले. कृष्णातचं तोंड पिवळंधमक झालं होतं, नाकात, डोळ्यांत हळद. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास घेतला. पहिला शब्द काढला तो, "मिळाला का?"

पेवात वारा शिरला होता, त्या हळदीची वाट लागली. आप्पासो भला माणूस, फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "कृष्णात, तुझ्या बापाकडं बघून गप बसतो. परत शिळेला हात लावलास, तर हरिपुरात तुला कुणी कामावर उभा करणार न्हाई."

राहीनं देवाला कौल लावला, देवऋष्याकडून अंगारा आणला. अंगाऱ्याची पुडी कृष्णातनं सोडून बघितली, बांधली, पुन्हा सोडून बघितली.

मग एके दिवशी ती परड्यातून पाटी घेऊन आली, तर त्यांची चार वर्षांची लेक अंजना दुधाच्या गंजापाशी उकिडवी बसलेली. झाकण एका हातात. गंजात तोंड घालून पोर म्हणत होती, "हाय का कोण?" आणि कान देऊन ऐकत होती.

राहीनं पाटी खाली टाकली. त्या रात्री तिनं नवऱ्याला सरळ सांगितलं. "म्या मरंपतूर तुमचं करीन. पर पोरीला ह्यात घालायची न्हाई. तुमी बरं व्हायाचं बघा. न्हाईतर आमी मायलेकी तासगावला जातो, आन मग परत येत न्हाई." कृष्णात लहान पोरासारखा रडला. त्याला जायला नको होतं, तिला जायचं नव्हतं, आणि तरीही रडता रडता त्याची नजर कोपऱ्यातल्या पेटीवर होती.

५

मिरजेत तेव्हा कुंटे नावाचे एक वयस्कर डॉक्टर होते. स्टेशनच्या अलीकडं तंतुवाद्यं करणाऱ्यांची गल्ली आहे, तिथं माडीवर त्यांचा दवाखाना. खाली तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याचं दुकान. एकच सूर दिवसभर वर यायचा. कृष्णात, राही आणि आधाराला गुंडा असे तिघं तिथं गेले. दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांना झाकणं होती, तेवढी कृष्णातनं आधी बघून घेतली.

डॉक्टरांनी त्याला बोलू दिलं. ऊबदार हळदीचंही त्यानं सांगितलं, जे राहीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"कोंडलेल्या जागेत डोकं घातलंस, वारा नव्हता. अशा वेळी काहीही भासतं," डॉक्टर म्हणाले. "पण तो तुझा आजार नव्हे. तुझा आजार शंकेचा आहे. तू वेडा नाहीस आणि तुला काही लागलेलंही नाही."

"मग ह्ये माझ्याच डोक्यात का?"

"सगळ्यांच्याच डोक्यात येतं. चुलीपुढं बसलेल्या आईच्या मनात येतं, पोर विस्तवात पडलं तर? ती झटकते आणि भाकरी थापते. तू झटकत नाहीस. तू शंकेला पाट मांडतोस, ताट वाढतोस. मग ती रोज जेवायला येणार नाही तर काय करणार?"

गुंडा हसला. कृष्णातलाही पुष्कळ दिवसांनी हसू आलं.

"मंग खात्री कशी करायची, डाक्टरसाहेब?"

"करायचीच नाही. यावर गोळी नाही आणि पुस्तकात फारसं काही नाही. मी माझ्या रोग्यांकडूनच शिकलो. झाकण लावायचं आणि उघडायचं नाही. जीव घाबरेल, मरतो की काय असं होईल. बसून राहायचं. ती भीती चढते, चढते आणि मग आपली आपण उतरते. तू आजवर तिला उतरू दिलंच नाहीस, म्हणून तुला वाटतं ती चढतच जाणार." मग ते राहीकडं आणि गुंडाकडं वळले. "आणि तुम्ही दोघांनी याला उत्तर द्यायचं नाही. कितीही रडला, पाया पडला तरी. आत कुणी आहे का विचारलं, तर म्हणायचं, असेल, नसेल. बस्स. तुमची दया हेच त्या शंकेचं खाणं आहे."

राहीनं मान डोलवली. कृष्णात उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"साहेब, आन खरंच कोण आसलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. खाली जवारीवाला त्याच तारेवर पुन्हा बोट ठेवून बसला होता.

"असेल, नसेल," ते म्हणाले.

६

पत्र्याच्या पेटीनं सुरुवात झाली. राहीनं पेटी लावली आणि दोघं तिच्यासमोर बसली. कृष्णातच्या कपाळावर घाम. त्याचे हात मांड्यांवर आपोआप उघडझाप करत होते. "राहे, आत..." तो म्हणायचा. "आसंल, नसंल," राही म्हणायची, आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसायची. 'कोण न्हाई' एवढ्या दोन शब्दांची भाकरी मागणाऱ्या माणसाला ती दुसरेच दोन शब्द दगडासारखे टाकत होती, आणि त्यातच माया होती, हे तिला रोज नव्यानं स्वतःला समजवावं लागे. एकदा तर कृष्णातनं तिचे पाय धरले. ती उठून परड्यात गेली आणि म्हशीच्या गळ्यात पडून रडली, पण बोलली नाही.

भीती चढली. पेटीच्या आत कुणीतरी नखानं पत्रा खरवडतंय असं त्याला स्पष्ट ऐकू आलं. तो बसून राहिला. खरवडणं वाढलं, मग ते नुसत्या ठोक्यांसारखं झालं, आणि मग कळलं की ठोके आपल्याच कानशिलात पडतायत. राहीच्या भाकरी होईपर्यंत त्याचा श्वास जाग्यावर आला.

"उतरलं," तो म्हणाला. त्याला खरं वाटेना. "राहे, आपलं आपण उतरलं बघ."

त्या दिवशी राहीनं गूळ घालून शेवया केल्या.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कणगी झाली, रांजण झाला. गुंडा पुन्हा घरी येऊन बसायला लागला, आणि कृष्णातनं चुकून विचारलंच तर छताकडं बघत "आसंल, नसंल" म्हणून तंबाखू मळायचा. अंजनानं गंजात हाका मारायचं कधी सोडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आप्पासोंनी फाल्गुनात निरोप धाडला, पेवाचं काम कर.

मिरजेला जाऊन त्यानं डॉक्टरांना विचारलं. "कर," डॉक्टर म्हणाले. "रीतीच्या तीन हाका दे, चौथी देऊ नकोस. शिळा बसव आणि घरी जा, मागं फिरू नकोस. एक मात्र सांगून ठेवतो. हार मानण्याआधी शंका फार मोठ्यानं बोलते. त्या दिवशी तिला आवाजसुद्धा फुटेल. ओळख आणि पुढं हो."

७

त्या साली पूर्वेकडं पाऊस नव्हता. आटपाडीकडची मेंढरं चारणारी माणसं मेंढरं विकून हळदीच्या कामाला आली होती. रोज नवी तोंडं. धुळा म्हणून हाक मारली तर तिघं वळून बघायचे, आणि संध्याकाळी त्यांतला एक नसायचा; दुसरीकडं काम मिळालं की न सांगता जायचे. उन्हात काम करायची सवय त्यांना होती, पण पेवाच्या गारव्याची चटक लागली होती. वारा खेळलेल्या उघड्या पेवात पाठ टेकायला उतरायचे, आणि गुंडा वरून शिव्या घालून त्यांना हाकलायचा.

आप्पासोंची हळद त्या वर्षी कमी आली. पेव अर्धंच भरलं. तेवढंच बंद करा, म्हणाले.

सकाळची वेळ होती. बांधावर राही अंजनाला कडेवर घेऊन उभी होती. आजचा दिवस बघायचाच म्हणून ती आली होती. गडी गोळा झाले. गाडीवाल्यानं घुंगरांवर हात ठेवला. कृष्णातनं कुणाला मोजलं नाही, कारण मोजायचं नाही असं ठरलं होतं. तो ओणवा झाला. आत अर्ध्या पेवाचा काळोख होता, आणि हळदीचा तो कोंदट, कडवट वास.

"हाय का कोण?"

आवाज आत फिरला आणि विझला.

"हाय का कोण?"

त्याला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं. हाक देताना हात कापत नव्हते.

"हाय का कोण?"

"व्हय," आतून कुणीतरी म्हणालं.

मोठ्यानं नाही, घाबरूनही नाही. झोपेतून अर्धवट जागा झालेला माणूस हाकेला ओ देतो, तसं.

कृष्णात हलला नाही. त्यानं डोळे तेवढे वर उचलले. सगळे रीतीप्रमाणं गप्प उभे. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. गुंडा शिळेच्या पलीकडं वाकलेला, दोन्ही हात शिळेखाली, आणि मान खाली घातलेली. त्याचा चेहरा दिसत नव्हता. विचारावं? विचारलं तर तो छताकडं, नव्हे, आभाळाकडं बघून दोन शब्द बोलेल. त्याला तेच शिकवलंय. राही तेच बोलेल. साऱ्या गावात खरं सांगणारं एकही माणूस त्यानं शिल्लक ठेवलं नव्हतं. चौथी हाक द्यावी? चौथी हाक म्हणजे पुन्हा पेटी, पुन्हा कणगी, पुन्हा दुधाच्या गंजाशी बसलेली पोर आणि तासगावची गाडी. शंकेला आवाज फुटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. हाच तो. इतका खरा वाटतोय म्हणूनच तो खोटा आहे.

आणि खोटा नसला तर?

असेल, नसेल.

कृष्णात उठून उभा राहिला. त्याला बांधावरची राही दिसली. तिनं श्वास रोखून धरला होता, ते इतक्या लांबूनही कळत होतं.

"न्हाई," तो म्हणाला.

शिळा बसली. घुंगरं वाजली, माणसं बोलायला लागली. त्यानं चिखल घेतला आणि सांधे लिंपायला सुरुवात केली. लिंपताना तळहाताखाली शिळा किंचित थरथरत होती, की त्याचा हातच कापत होता, हे त्यानं तपासलं नाही. तपासायचं नव्हतं. त्यानं हात धुतले आणि मागं न बघता घरी आला.

८

ती दुपार त्यानं ओसरीवर बसून काढली. भीती चढली, आजवर कधी चढली नव्हती एवढी. तो बसून राहिला. राही आत पुरण वाटत होती आणि मधूनमधून दारातून डोकावून जात होती. उन्हं कलली आणि भीती उतरायला लागली. डॉक्टर म्हणाले होते तशीच, आपली आपण. खांदे सैल पडले. त्याला भूक लागली. आपल्याला भूक लागली याचंच त्याला भय वाटलं, पण तेही उतरलं.

तेवढ्यात गुंडा आला. आला तो उंबऱ्याच्या आत न येता पायरीवर बसला. तंबाखूची चंची त्याच्या हातात होती, पण ती सोडवत नव्हती.

"कृष्णात," तो म्हणाला, "सकाळी तिसऱ्या हाकंला..."

कृष्णातनं बसल्या जागी त्याच्यासाठी जागा केली.

"तू न्हाई म्हणालास. मग म्या कसा बोलू? आपल्यात बोलत न्हाईत. आन तुला तर काय सांगायचंच न्हाई, आसं डाक्टरनं सांगितलंय." गुंडानं चंची खाली ठेवली. "पर तू बी ऐकलंस न्हवं? आतनं."

वाटणाचा आवाज थांबला. राही दारात येऊन उभी राहिली, हात पुरणानं माखलेले. ती नवऱ्याकडं बघत होती, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या तोंडावर ते दोन शब्द नव्हते. तो उठून पहार घेऊन निघाला असता तर आज तिनं त्याला अडवलं नसतं. हे कृष्णातला दिसलं, अगदी स्वच्छ दिसलं.

"अर्धं पेव हाय," गुंडा म्हणाला. "दिस मावळंपतूर टिकतो का गा माणूस?"

ऊन अजून परसातल्या भिंतीवर होतं.

कृष्णातनं उठायला पायात जोर आणला. आणि त्याला कळलं, की पेवात कुणी मिळालं नाही तर आपण परत कधीच खाली बसू शकणार नाही. आणि मिळालं तर आयुष्यभर प्रत्येक पेव, प्रत्येक झाकण उघडत फिरावं लागेल. आतल्या माणसाचं त्याला काहीच वाटलं नाही असं नव्हे. वाटलं. पण स्वतःचं त्याहून जास्त वाटलं.

"आसंल, नसंल," तो म्हणाला. "आत ये गुंडा. बस जरा. चढतं आन मग उतरतं ते. आपलं आपण उतरतं."

गुंडा आत आला आणि भिंतीला टेकून बसला. तो घामानं भिजला होता, मांड्यांवर त्याचे हात उघडझाप करत होते. कृष्णात त्याच्या शेजारी बसला आणि त्यानं त्याचा हात धरून ठेवला. राहीला काय वाटलं कोण जाणे, ती पुन्हा पाट्यापाशी गेली, पण वाटणाचा आवाज आला नाही. भिंतीवरचं ऊन वर सरकत गेलं, कौलांवर गेलं, मग नाहीसं झालं. अंजना झोपेला आली आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

अंधार पडल्यावर गुंडानं लांब श्वास सोडला.

"उतरलं गड्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्येचं बी उतरलं आसंल आता."

कृष्णातनं उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं नसतं, हे तो चांगलं शिकला होता.